माहेरघरात चूल नव्हती

मी मूळची अमळनेर तालुक्यातली. घरात अहिराणी, शेतात कापूस. १४ वर्षांपूर्वी नंदुरबारच्या सातपुड्यात आरोग्याचं काम करणाऱ्या एका संस्थेत लागले तेव्हा वाटलं, हाही खान्देशच, बोलणं जमेल. पहिल्याच पाड्यावर कळलं की माझी अहिराणी इथे कोणाला समजत नाही आणि इथली पावरी बोली मला. पुढची दोन वर्षं माझ्या पावरा सहकारी ताईंच्या मागे मागे फिरत मी बोलायला शिकले. आई अजून फोनवर विचारते, "बठ्ठं ठीक शे ना?" मी हो म्हणते.

ठीक किती आहे ते शहाद्यापासून वर डोंगरात येताना दिसतं. खाली दवाखान्यांच्या पाट्या एकीला एक लागून. घाट चढला की पाट्या संपतात. पुढे काही पाड्यांपर्यंत जीपही जात नाही. बाळंतीण असो की साप चावलेला माणूस, बांबूला झोळी बांधून चौघं जण खांद्यावर आणतात. डोंगरी-आदिवासी भागात २०,००० वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा नियम आहे, मैदानात ३०,००० ला एक. कागदावर आम्हाला झुकतं माप आहे. पण ते २०,००० लोक किती टेकड्यांवर विखुरलेत, हे त्या आकड्याला दिसत नाही. नंदुरबारला वैद्यकीय महाविद्यालय २०२० साली आलं. त्याआधी गंभीर पेशंटच्या कागदावर 'धुळे' लिहिलं, की कितीतरी नातेवाईक तिथूनच पेशंटला घरी घेऊन जायचे.

हे सगळं एकट्या आरोग्य खात्याच्या हातातलं नाही, म्हणून दर महिन्याला तालुक्याला समन्वय बैठक होते. आरोग्य, अंगणवाडी, पंचायत समिती, आदिवासी विकास आणि आम्ही संस्थावाले. आम्हाला तिथे कशासाठी बोलावतात, याचा मी बरीच वर्षं विचार करते आहे.

एका बैठकीत माहेरघराचा विषय निघाला. आरोग्य केंद्राच्या आवारातली एक खोली. लांबच्या पाड्यावरच्या गरोदर बाईने तारखेच्या आधी काही दिवस येऊन तिथे राहायचं, म्हणजे ऐनवेळी झोळी नको. योजना मनापासून चांगली आहे. पण आमच्याकडच्या माहेरघराचं रजिस्टर जवळजवळ कोरं होतं. इतिवृत्तात कारण लिहिलं गेलं: जनजागृतीचा अभाव. संस्थेने जनजागृती करावी.

ताई आणि मी पाड्यांवर गेलो. पोस्टर नेलं नाही. संध्याकाळी चुलीपाशी बसलो आणि विचारलं, का येत नाही? पहिल्या घरी कोणी बोललं नाही. दुसऱ्या घरी सासू म्हणाली, सून तिथे बसली तर आमचूर कोण करणार? एप्रिल-मे म्हणजे इथे कैऱ्या सोलून, चिरून, खडकावर वाळवायचे दिवस. वर्षाचा रोख पैसा त्यातून येतो. तिसऱ्या घरी एक पोरगी, दुसऱ्या खेपेची गरोदर, हळूच म्हणाली, तिथे चूल नाही. डब्यातून चपाती-भात येतो, तो घशाखाली उतरत नाही. आणि दाईला आत येऊ देत नाहीत. नर्सबाई मराठीत ओरडते. मला कळत नाही, मग मी रडते.

माहेरघराची माहिती तिला पुरेपूर होती. आत जाऊन आलेली होती ती.

पुढच्या बैठकीत हे जसंच्या तसं सांगितलं. तालुका आरोग्य अधिकारी त्या वेळी नवीन होते, ऐकणारे होते. दोन महिन्यांत खोलीमागे पत्र्याची शेड आणि चूल झाली. ज्वारी, मका, उडदाची डाळ ठेवायला लागले; सोबतीला आलेली बाई भाकरी थापते. दाईने बाळंतपण करायचं नाही, पण हात धरून बसायचं, असं ठरलं. पहिल्या महिन्यात एकच बाई आली. तिने परत जाऊन सांगितलं, तेव्हा तिच्याच पाड्यावरच्या तिघी आल्या. या सगळ्यात आमच्या संस्थेचा एक रुपया लागला नाही. आमचं काम एवढंच की चुलीपाशी ऐकलेलं बैठकीच्या टेबलापर्यंत न बदलता पोचवलं.

तेच अवघड असतं. इथे मला एक गोष्ट लिहायलाच हवी. काही वर्षांपूर्वी एका पाड्याजवळच्या उपकेंद्राला महिनोन्‌महिने कुलूप होतं. मला माहीत होतं. त्याच दिवसांत आमच्या कामाच्या कराराचं नूतनीकरण ज्या कार्यालयात अडकलं होतं, त्याच कार्यालयाला मी हे विचारायला हवं होतं. सहा कार्यकर्त्यांचे पगार त्या सहीवर होते. मी दोन बैठका गप्प बसले. त्या पावसाळ्यात त्या पाड्यावरची बाई झोळीतच बाळंत झाली, नाल्याच्या अलीकडे. बाळ आणि आई दोघंही वाचली. मला मात्र तिच्या घरी जायचं धाडस बरेच दिवस झालं नाही.

आमच्या जिल्ह्याला खरं तर याचा चांगला धडा मिळालेला आहे. ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ साली लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा राज्यातल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होता. बाकीचे अमरावती, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे. गावकऱ्यांनीच आपल्या आरोग्य सेवेचं प्रगतिपत्रक भरायचं: हिरवा, पिवळा, लाल. आणि मग जनसुनवाई, सगळ्यांसमोर, अधिकाऱ्यांनी उत्तर द्यायचं. संस्थांना या कामासाठी पैसा सरकारकडूनच मिळत होता आणि प्रश्नही सरकारलाच विचारायचा होता. हे जमू शकतं, हे त्यात दिसलं. ज्या माणसाने पूर्वी नर्सबाईंपुढे मान वर केली नसती, त्याला मी माईक हातात घेऊन "आमच्या गावाला लाल का?" असं विचारताना पाहिलं आहे. पावरीत विचारलं त्याने. त्याचं मराठी ताईंनी केलं.

आता मात्र आमच्याकडे येणारी कामं वेगळी असतात. शिबिराला माणसं जमवा, फॉर्म भरा, फोटो पाठवा. अकरा महिन्यांचा करार, मार्चला संपणारा. पाड्यावर ओळख व्हायलाच वर्ष जातं. स्वस्तातले हात म्हणून आम्हाला वापरलं तर तेवढंच काम होईल, आणि ते एखादा ठेकेदारही करू शकेल. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचंच घ्या. आमच्या भागात भिल्ल-पावरा घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. रक्त तपासणं एका दिवसाचं काम. पण मुलगा आणि मुलगी दोघंही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी आजार पुढे देऊ शकणारे, निघाले, तर त्यांच्या बाळांपैकी कोणालाही आजार होऊ शकतो, हे लग्न ठरलेल्या दोन घरांना समजावून सांगायला तिथे पुन्हा पुन्हा जावं लागतं. सांगणाऱ्यावर विश्वास लागतो. तो अकरा महिन्यांत मिळत नाही.

या महिन्याच्या बैठकीसाठी मी एकच विषय लिहून ठेवला आहे. दिवाळी झाली. गुजरातेत ऊसतोडीला जाणारे ट्रक भरायला लागलेत. माणसं परत येतील ती होळीला. मधल्या चार-पाच महिन्यांत पोरांच्या लसी चुकतात, टीबीच्या गोळ्या तुटतात, गरोदर बायांची नावं आमच्या रजिस्टरात राहतात आणि बाया बारडोलीकडे फडात. तिकडच्या आरोग्य केंद्रांचे फोन नंबर आमच्या आशाताईंकडे असावेत आणि नावांची यादी ट्रकच्या आधी तिकडे पोचावी, एवढंच मागायचं आहे. दोन राज्यांचा प्रश्न आहे, असं उत्तर येईल. आलं तर पुन्हा मांडायचं.

आत्ता हे लिहिते आहे तेव्हा रात्रीचे साडेनऊ झालेत. बाहेर रस्त्यावर दोन ट्रक उभे आहेत. भांडी, गोधड्या, कोंबड्या वर चढवणं चाललंय. आशाताई मोबाईलच्या उजेडात एकेका आईच्या पिशवीतलं लसीचं कार्ड काढून पुढची तारीख मोठ्या अक्षरात लिहून देते आहे. अजून नऊ पोरं राहिलीत. मी जाते तिच्या मदतीला.