पार्कचा वार्षिक पास आणि बेळगावहून एक रविवार : जाणाऱ्यांनी आधी हे वाचा

पास रिन्यू करायचा की सोडून द्यायचा हे ठरवायला दसऱ्याच्या सुट्टीत एक फेरी मारून आलो, आणि आल्या आल्या लिहायला बसलोय कारण बेळगावातल्या आमच्या शहापुरातलेच तीन-चार जण विचारायलेत की पास काढू काय म्हणून. पार्कचं नाव लिहीत नाही. महामार्गानं उत्तरेला तीनेक तासांवर, महाराष्ट्रात आहे एवढं पुरे. राइड्स आणि वॉटर पार्क दोन्ही आहे, पोरांना अतिशय आवडतं, मलाही आवडायचं.

आमचा हा तिसरा पास. चौघांचे मिळून अठरा हजार भरलेत, आईसाठी वेगळं तिकीट काढतो. साध्या तिकिटाला सरासरी अकराशे-बाराशे धरले तर चार फेऱ्यांत पास वसूल होतो असा हिशेब होता, आणि पहिल्या वर्षी आम्ही नऊ वेळा गेलो! रविवारी सकाळी चहा पिता पिता ठरायचं, चला जाऊन येऊया, की अर्ध्या तासात गाडी बाहेर. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर आहे, ओव्हरटाइम आहे की नाही हे शनिवारी दुपारी कळतं, त्यामुळं आमच्यासारख्यांना पास म्हणजे मनात आलं की निघायची मोकळीक होती, पैसे वाचणं हा नंतरचा भाग. दुसऱ्या वर्षी सहा फेऱ्या झाल्या. यंदा ही धरून तीन.

कारण स्लॉट, म्हणजे आत जायची आधी बुक करायची वेळ. आता पासवाल्यांना शनिवार-रविवारचा स्लॉट ४८ तास आधी अ‍ॅपवर घ्यावा लागतो, म्हणजे रविवारचं शुक्रवारी सकाळीच पक्कं पाहिजे, आणि दोनदा स्लॉट घेऊन गेला नाहीत तर महिनाभर बुकिंग बंद. शनिवारी सुपरवायझरनं थांब म्हटलं की माझा स्लॉट गेला. आणि हे सगळं पैसे भरून झाल्यावर आलंय, मध्येच एक मेसेज की अमुक तारखेपासून नवे नियम लागू. त्याआधी चार गेस्ट कूपन होती ती दोन झाली मग बंदच झाली, आई पहिल्या वर्षी त्यातनंच यायची. पार्किंग फुकट होतं ते आता फक्त सोमवार ते शुक्रवार. जेवणावर वीस टक्के सूट होती ती दहा झाली आणि तीही ठराविक कॉम्बोवरच. एकेक गोष्ट वेगळी बघितली तर बारीक वाटते, म्हणून आम्ही कुणी काही बोललो नाही, तिथंच चुकलं.

ह्या वेळी खंडेनवमीला मशीनची पूजा झाली आणि कारखाना बंद, त्यामुळं दसऱ्यानंतरच्या रविवारचा स्लॉट निर्धास्तपणे घेता आला. मिळाला तो अकराचा. पार्क दहाला उघडतं पण सुट्टीच्या दिवशी पासवाल्यांना अकराच्या आधी स्लॉटच दाखवत नाही, हे लक्षात ठेवा आणि उगाच पहाटे पोरांना उठवू नका. आम्ही जुन्या सवयीनं सव्वासहाला निघालो आणि मग दीड तास पार्किंगमध्ये बसून राहिलो. सातला निघालात तरी आरामात पोचता.

रस्त्याचं सांगतो. काकती सोडल्यावर वंटमुरी घाटात धुकं होतं, ट्रकवाले लाइट लावून हळू चालले होते, तिथं घाई करू नका. यमकनमर्डी, हत्तरगी, संकेश्वरपर्यंत रस्ता चांगला. तवंदी घाट उतरताना उजव्या लेनमध्ये अवजड गाड्या असतात, अंतर ठेवा. निपाणीत उतरून चहा घेतला. कोगनोळी टोलनंतर महाराष्ट्र लागतो आणि कागलपासनं पुढं सातारच्या दिशेनं सहापदरीकरणाचं काम चाललंय, डायव्हर्जन कुठं असेल ते मागच्या महिन्याच्या आठवणीवर चालत नाही, बोर्ड बघत जावं लागतं. अर्धा तास जास्तीचा धराच. आणि ऊस सुरू झाला की रात्री परत येताना ट्रॅक्टर-ट्रॉल्या फार असतात, मागं रिफ्लेक्टर नसलेल्या, एकाला दोन ट्रॉल्या जोडलेल्या. नोव्हेंबरपासनं पुढं जाणार असाल तर पाचलाच तिथनं निघा, उजेडात निपाणी गाठा. पावसाळ्यात तर निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगा आणि शिरोलीला पंचगंगा हायवेवर येतात, पाऊस जास्त असेल तर बेतच रद्द करा.

टोलचं मात्र मनापासनं चांगलं सांगायचंय. १५ ऑगस्ट २०२५ पासनं फास्टॅगचा वार्षिक पास आलाय, सुरुवातीला ३००० रुपयांना होता, खासगी कार-जीप-व्हॅनला, एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. राजमार्गयात्रा अ‍ॅपवरनं काढला, दोन तासांत चालू झाला. हत्तरगी, कोगनोळी, किणी, तीन टोल, जाऊन-येऊन सहा फेऱ्या गेल्या, एका फेरीला पंधरा रुपये पडले. फक्त राष्ट्रीय महामार्गावर आणि राष्ट्रीय एक्स्प्रेसवेवर चालतो, राज्य महामार्गाच्या टोलला किंवा मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेला चालत नाही, हे पहिल्या दिवसापासनं लिहिलेलं आहे. दोनशे म्हणजे दोनशे. रविवार आहे काय, सुट्टी आहे काय, कुणी विचारत नाही. पास असा असावा असं मला त्या दिवशी गाडी चालवताना सारखं वाटत होतं.

गेटवर. पूर्वी पासवाल्यांना वेगळं गेट होतं आणि पंधरा मिनिटं आधी आत सोडायचे. त्या पंधरा मिनिटांची किंमत ज्यांनी लाइनीत उभं राहून बघितलंय त्यांनाच कळेल. मोठ्या झुल्याचं मी उभा राहून मोजलंय, एका खेपेला २४ माणसं बसतात, बसवायचं, पट्टे तपासायचे, फिरवायचं, उतरवायचं धरून साडेतीन-चार मिनिटं, म्हणजे तासाला साडेतीनशे ते चारशे माणसं. पुढं चारशे उभे असले की तुमचा एक तास गेला. पहिल्या पंधरा मिनिटांत लाइनच नसते, त्यात आमच्या दोन मोठ्या राइड्स होऊन जायच्या. आता गेटही एकच आणि आत जायला अकरा वाजल्यावर, तोवर दहावाल्या तिकिटांची गर्दी सगळीकडं पसरलेली.

आता जे झालं ते सांगतो. आमची थोरली सहावीत आहे. मोठ्या झुल्याला १४० सेंटिमीटर उंची लागते. गेली दोन वर्षं ती दर खेपेला त्या मापाच्या पट्टीखाली उभी राहायची आणि दोन बोटं, एक बोट, अर्धं बोट असं करत परत यायची. घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. ऑगस्टमध्ये ती १४१ झाली. त्या दिवशी पन्नास मिनिटं लाइनीत उभी राहिली, पट्टीखाली गेली, डोकं लागलं, तिथल्या पोरानं हसून अंगठा दाखवला आणि मग तिच्या मनगटावरचा बँड बघून मला म्हणाला, “काका, पासच्या बँडवर हा चालत नाही आता, कूपन घ्या खालून, अडीचशेचं.” आमच्या पुढं तिकिटावर आलेले लोक त्याच राइडमध्ये बसत होते. त्यांना कूपन नाही, तिकिटातच धरलंय. पासवाल्यांना नाही. आई खाली बाकावर बसली होती, ती उठून आली आणि त्या पोराला म्हणाली, “लेकरा, दोन वर्षं वाढ बघत होती रे ती.” तो बिचारा तरी काय करणार, त्याच्या हातात नाही, त्यानं खरोखर वाईट वाटून घेतलं. कूपनच्या खिडकीवर लाइन बघितली तर पुन्हा तिकडं अर्धा तास आणि मग राइडला शेवटी उभं राहायचं. थोरली म्हणाली, “राहू दे बाबा, पाण्यात जाऊया.” रडली नाही. मला ते जास्त लागलं.

जेवणाचं. बाहेरचं चालत नाही, औषधं आणि तान्ह्या बाळाचं सोडून. आधी हातावर शिक्का मारून बाहेर येता यायचं, आम्ही गाडीपाशी भाकरी, शेंगाचटणी, दहीभात खाऊन परत आत जायचो. आता एकदा बाहेर पडलं की स्लॉट संपला. आईला शुगर आहे, तिला वेळेवर लागतं, तिच्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून छोटा डबा आत नेला, अडवलं नाही. तुमच्याबरोबर असं कुणी असेल तर चिठ्ठी न विसरता ठेवा. आत पाच जणांचं जेवण चौदाशेला पडलं. लॉकर एकच घ्या, मोठा, आणि स्विमिंगचे कपडे घरनंच न्या, नायलॉनचेच लागतात, सुती चालत नाहीत. पाण्यातल्या राइड्स दुपारी तीननंतर मोकळ्या होतात कारण लांबचे लोक निघायला लागतात.

पार्कची बाजू मला समजत नाही असं नाही. जागा तेवढीच, झुले तेवढेच, आणि पासवाले सगळे रविवारीच येणार आणि डबा आणणार. नव्या माणसाचं तिकीट प्रत्येक वेळी येतं, आमचे पैसे एकदाच येतात. पण मग पास कमी विका, महाग करा, रविवार नाही असं आधी सांगा. भरलेल्या पैशातनं मधेच काढून घेणं हे मला पटत नाही. माझा आत्तेभाऊ कॅलिफोर्नियात असतो, तो म्हणाला तिकडंही हेच. डिस्नेलँडनं जानेवारी २०२१ मध्ये जुनी वार्षिक पासची योजना बंद केली आणि ऑगस्टमध्ये मॅजिक की नावाची नवी आणली, त्यातला सगळ्यात महाग पास १३९९ डॉलरचा, त्याला एकही तारीख बंद नाही असं सांगून विकलेला, पण आधी रिझर्व्हेशन सक्तीचं, आणि पार्कात जागा असली तरी पासवाल्यांचा कोटा संपला म्हणून मिळेना. लोक कोर्टात गेले, शेवटी ९५ लाख डॉलरवर तडजोड झाली, माणशी ६७ डॉलरच्या आसपास. तीन वेळा न गेल्यास महिनाभर बुकिंग बंद हा नियमही तिथं होता. ऐकल्यावर मला आमच्या मेसेजची आठवण झाली.

एक आमचं सीमेवरचं दुखणं वेगळंच. रिन्यूचं विचारायला खिडकीवर गेलो तर स्थानिकांसाठी पंचवीस टक्के सूट असा बोर्ड. आधार दाखवला तर, “जिल्हा बेळगावी, राज्य कर्नाटक, यात बसत नाही दादा.” माझी बहीण कागलला दिलीय, निपाणीपासनं वीसेक किलोमीटर, तिला सूट मिळते. मी त्या मुलीशी मराठीत बोलत होतो, ती माझ्याशी मराठीत बोलत होती, मागं आई मराठीत पोरांना हाक मारत होती, आणि आम्ही स्थानिक नाही. अंतरावर ठरवा की, दीडशे किलोमीटरच्या आतले म्हणा, आमचं काही म्हणणं नाही. लांब नागपूरहून येणारा स्थानिक आणि आम्ही बाहेरचे, हे मनाला फार लागतं. तर निपाणी, संकेश्वर, चिकोडी, खानापूरवाल्यांनो, सूट धरून हिशेब मांडू नका, तुम्हाला मिळणार नाही.

पण ह्याच सीमेचा एक फायदा आहे. आपल्या कर्नाटकातल्या शाळांना दसऱ्याची मोठी सुट्टी असते, महाराष्ट्रात दिवाळीची. दसऱ्याच्या सुट्टीतला मधला वार पकडलात, मंगळवार-बुधवार, तर तिकडच्या शाळा चालू असतात आणि पार्क निम्मं रिकामं. तसंच कनकदास जयंती, वाल्मिकी जयंती, १ नोव्हेंबरचा कर्नाटक राज्योत्सव ह्या आपल्याकडच्या सुट्ट्या, तिकडं कामाचा दिवस. १ नोव्हेंबरला जायचं असेल तर पहाटेच गावाबाहेर पडा, नंतर राज्योत्सवाच्या मिरवणुकीमुळं बेळगावातल्या चन्नम्मा सर्कलकडनं गाडी निघत नाही. मधल्या वारी स्लॉटही लागत नाही, पार्किंगही फुकट. वर्षातनं असे चार दिवस नक्की मिळत असतील तरच पास घ्या, नाहीतर साधं तिकीट, आधी ऑनलाइन काढलेलं, त्यात सगळ्या राइड्स येतात.

पास घेणारच असाल तर पैसे भरायच्या दिवशी नियमांच्या पानाचे सगळे स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारखेसकट. माझ्याकडं पहिल्या दोन वर्षांचे नाहीत, यंदाचे आहेत, म्हणून बोलता येतंय. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवलीय. आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासनं लागू झाला, त्यात तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. पार्क महाराष्ट्रात असलं तरी बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालते, कोल्हापूर-पुण्याला हेलपाटे घालायची गरज नाही, पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, दोन वर्षांच्या आत करायची, ई-जागृती पोर्टलवरनं घरबसल्या होते. वकीलही लागतोच असं नाही. हेल्पलाइनकडनं काही झालं नाही तर मी ते करणार आहे, कागद तयार ठेवलेत.

परत येताना किणीपर्यंत पोरं झोपली. पास जानेवारीत संपतो. रिन्यू करणार नाही असं हिला सांगितलं तर ती म्हणाली, “अहो, मग थोरलीच्या झुल्याचं काय?” कनकदास जयंतीला तिला घेऊन जायचं ठरवलंय, दोघंच, साधं तिकीट काढून, दहाच्या गेटला.