बाईंचा तराजू

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण हातात आलं. एका बाजूला मराठी, मागच्या बाजूला इंग्रजी. मराठीत 'माजी विद्यार्थी', इंग्रजीत 'फॉर्मर स्टुडंट'. माजी हा शब्द अरबीतून आलेला, त्याचा अर्थ सरलेला. फॉर्मर मात्र मुळात तरभावाचं, म्हणजे दोघांच्या तुलनेचं (कंपॅरेटिव्ह) रूप आहे. जुन्या इंग्रजीत 'फोर्मा' म्हणजे पहिला. पुढे त्याला 'अर' लागला आणि शब्द झाला दोघांतला आधीचा. म्हणूनच फॉर्मरच्या समोर नेहमी लॅटर उभा असतो. 'अर' दिसला की दुसरं पारडं शोधायचं, ही सवय इंग्रजीच्या बाईंनी लावली. इमारत, मैदान, गॅदरिंग यांवर स्मरणिकेत इतर जण लिहितीलच. इथे फक्त बाई आणि त्यांच्या डिग्र्या, म्हणजे विशेषणांच्या तुलनेच्या पायऱ्या.

नववीच्या वर्गात पावसाळी दुपारी फळ्यावर एक वाक्य होतं: 'द क्लायमेट ऑफ पुणे इज बेटर दॅन मुंबई.' पुण्याच्या वर्गात या वाक्यावर हरकत कोण घेणार? बाईंनी काही न बोलता खाली तराजू काढला. डाव्या पारड्यात चार रेघांचा वारा आणि ढग. उजव्या पारड्यात समुद्र, चाळी, लोकलचे तीन डबे, गर्दी. म्हणजे आख्खी मुंबई. मग खडू खाली ठेवून वर्गाकडे बघत राहिल्या. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, हवेसमोर शहर कसं तोलायचं? तेव्हा बाईंनी मुंबई पुसली, तिथेही वारा आणि ढग काढले आणि वाक्यात 'दॅट ऑफ' घातलं: 'बेटर दॅन दॅट ऑफ मुंबई.' या एका चित्रात पाऊण तास गेला, आणि तो वायाही गेला नाही. मराठीत 'पुण्याची हवा मुंबईपेक्षा बरी' चालतं, ऐकणारा 'मुंबईच्या हवेपेक्षा' असं मनात भरून घेतो. इंग्रजी लेखनात ते भरून द्यावं लागतं.

बाईंचं मोठेपण इथेच होतं. चूक कुठल्या दारातून आत आली ते त्या दाखवायच्या, आणि ते दार बहुधा मराठीचंच असायचं. दगडापेक्षा वीट मऊ, नाकापेक्षा मोती जड, चहापेक्षा किटली गरम. तिन्ही म्हणींत मऊ, जड, गरम जसेच्या तसे आहेत. तुलनेचं सगळं ओझं 'पेक्षा' उचलतो. म्हणून मराठी मूल 'ही इज टॉल दॅन मी' लिहितं, त्याला 'टॉल' बदलायचं कारणच दिसत नाही. उलट टोकाला 'अधिक चांगला' डोक्यात असल्यामुळे 'मोअर बेटर' येतं, आणि 'खूप चांगला'मुळे 'व्हेरी बेटर'. बेटरमध्ये 'अधिक' आधीच शिरलेला असतो, त्याला पुन्हा मोअर नको. जोर द्यायचाच तर 'मच बेटर' किंवा 'फार बेटर'. हा 'फार' इंग्रजी, आपला नव्हे. पण लक्षात ठेवायला आपलाच सोयीचा.

रूपांचे नियम त्या झटकन उरकायच्या. एका अवयवाच्या (सिलेबलच्या) शब्दाला 'अर', शेवटी वाय असेल तर त्याचा आय, तीन किंवा जास्त अवयव असतील तर मोअर. बिग, हॉट, थिन यांत ऱ्हस्व स्वरानंतर एकच व्यंजन, म्हणून ते दुप्पट. क्लीनमध्ये स्वर लांब, म्हणून एन एकच. क्लेव्हर, नॅरो, सिंपल यांना दोन्ही चालतं, तिथे वाद नको.

त्या रेंगाळायच्या त्या रोजच्या ठरीव वाक्प्रयोगांवर. 'नो सूनर'नंतर पोरं हमखास 'व्हेन' लिहायची, कारण मराठीत 'घंटा वाजते न वाजते तोच'. बाई 'सूनर'मधल्या 'अर'खाली रेघ मारायच्या: हे तरभावाचं रूप, याला 'दॅन'च हवा. 'व्हेन' हवा असेल तर 'हार्डली'कडे जा. 'रादर दॅन'मध्येही तेच. 'रेद' म्हणजे लवकर, हा शब्द वापरातून गेला, त्याचा 'रादर' राहिला. 'आय वुड रादर वॉक' म्हणजे त्याआधी मी चालत जाईन, म्हणजेच चालणं पसंत. 'निअर' तर मूळचा 'नाय' या शब्दाचा तरभाव. त्यावर पुन्हा 'अर' चढवून 'निअरर' झाला. म्हणजे 'मोअर बेटर'ला हसणाऱ्या इंग्रजीनं स्वतःच्या घरात तेच केलेलं आहे! 'लेसर'ही तसाच, 'लेस'वर चढवलेला. 'द लेसर ऑफ टू ईव्हिल्स'ला मराठीत दगडापेक्षा वीट मऊ.

'द सूनर द बेटर' आणि 'द मोअर द मेरिअर' यांतला 'द' हे नेहमीचं आर्टिकल नाही. जुन्या इंग्रजीतल्या तृतीयेचा तो अवशेष, 'तितक्यानं' अशा अर्थाचा. म्हणून बाई त्यावर 'जितकं–तितकं' लिहायच्या. मराठीत 'तितकं' गाळलं तर वाक्य लंगडतं. तसंच 'द मोअर यू रीड, मोअर यू लर्न' हे दुसऱ्या 'द'वाचून लंगडतं.

'चेंज द डिग्री'साठीही तराजूच. कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. तमभावाचं, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीचं (सुपरलेटिव्ह) वाक्य: 'कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र.' तरभावात नेताना 'हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र'. 'अदर' विसरलात तर कळसूबाई दोन्ही पारड्यांत जाते आणि स्वतःहून उंच ठरते. मात्र 'एनी पीक इन गोवा' म्हणताना 'अदर' नको, कारण कळसूबाई गोव्यात नाहीच. मूळ रूपात 'नो अदर पीक इन महाराष्ट्र इज अ‍ॅज हाय अ‍ॅज कळसूबाई'. 'वन ऑफ द हायेस्ट' असेल तर 'हायर दॅन मोस्ट अदर पीक्स' आणि 'व्हेरी फ्यू पीक्स आर अ‍ॅज हाय अ‍ॅज'. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, २००० पासून राज्यात पहिलीपासून झालं. चार वर्षं जास्त मिळाली, तरी 'अदर' गळायचा तो गळतोच. फळा जाऊन पडदा आला, पण त्यावर तयार चित्र येतं. मुंबई पुसून तिथे ढग काढणारा हात त्यात नाही, याची हळहळ वाटते.

आज इंग्रजी मसुदे तपासण्याच्या कामात रोज समोर येतो तो 'एल्डर'. 'ही इज एल्डर टू मी' आणि 'एल्डर दॅन मी' दोन्ही चुकीचे. 'एल्डर' नामाआधीच शोभतो: 'माय एल्डर ब्रदर'. 'दॅन' आला की 'ओल्डर'. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर, प्रायर हे लॅटिन घराण्याचे तरभाव, त्यांना 'दॅन' चालत नाही, 'टू' लागतो. इथे बाई संस्कृतात शिरायच्या. 'जननी जन्मभूमिश्च स्वर्गादपि गरीयसी' पाठ नसलेलं मूल वर्गात नसायचं. गुरू, गरीयस्, गरिष्ठ. 'गरीयसी' म्हणजे अधिक थोर, आणि 'पेक्षा'चं काम 'स्वर्गात्'मधली पंचमी करते. हा 'ईयस्', लॅटिनमधला 'इऑर' आणि इंग्रजीचा 'अर' एकाच कुळातले. 'इष्ठ' आणि 'एस्ट'ही तसेच. म्हणजे बासुंदीला गरिष्ठ म्हणताना आपण नकळत तमभावच वापरतो. ज्येष्ठ आणि कनिष्ठही मूळचे तमभावाचे. मराठीत मात्र ते सीनियर-ज्युनियरचं काम करतात. इंग्रजी शिकवता शिकवता संस्कृत उलगडून दाखवणाऱ्या बाई पुन्हा भेटल्या नाहीत.

जाता जाता निमंत्रणाबद्दल एक. इंग्रजी बाजूला पहिल्या रांगेतल्या खुर्च्या 'स्टुडंट्स सीनियर दॅन द १९८५ बॅच' यांच्यासाठी राखीव, असं छापलं आहे. हे वाक्य स्मरणिकेतही येणार असेल, तर ती छापखान्यात जाण्याआधी तिथे 'टू' करून घ्यावं. बाईंची खुर्चीही त्याच रांगेत असणार.