तुम्ही विचारलंत म्हणून: कणीक फुगेपर्यंत

थंडी ओसरून दिवस मोठा व्हायला लागला की हा प्रश्न हमखास येतो. "इतकी सुरेख हवा पडली आहे आणि तुम्ही सुट्टीचा अख्खा दिवस घरात काढता? करता तरी काय दिवसभर?" विचारणारे प्रेमानंच विचारतात. मीही दरवेळी "विशेष काही नाही, ब्रेड करते, वाचते, बागेत बसते" एवढं सांगून मोकळी होते. पण या तीन गोष्टी एकापाठोपाठ एक अशा होतच नाहीत, त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. ते कसं, हे एकदा नीट सांगायचं राहून गेलंय. तुम्ही परवा पुन्हा विचारलंत, म्हणून आज बसून लिहिते.

सुरुवात कणकेपासून करावी लागेल, कारण त्या दिवशी घड्याळ तिचं चालतं. 500 ग्रॅम मैदा, 350 मिलिलिटर पाणी, 10 ग्रॅम मीठ आणि 3 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. मळायला दहा-बारा मिनिटं लागतात, लोफला आकार द्यायला पाच. बाकी सगळं काम यीस्ट करतं. ब्रेडला चार-पाच तास लागतात हे खरं, पण त्यातली माझी वीसेक मिनिटंच. उरलेल्या वेळात घर सोडून कुठे जाता येत नाही आणि घरात करण्यासारखंही काही नसतं. असा बांधलेला आणि तरीही मोकळा वेळ मला इतर कुठल्याच कामात मिळत नाही.

वसंतात या वेळेची गंमत अशी की तो दर आठवड्याला बदलतो. तापमान दहा अंशांनी चढलं की यीस्टचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे थंडीत ज्या कणकेला फुगायला तीन तास लागायचे, तीच आता दीड तासात भांड्याच्या काठाला येते. पाककृतीत लिहिलेला वेळ या दिवसांत उपयोगाचा नाही. कणकेकडे बघावं लागतं, तिला हात लावून बघावं लागतं. पिठात बोट बुडवून आकार दिलेल्या लोफवर हलकंच दाबायचं. खळगा झटकन भरून आला तर अजून वेळ आहे. सावकाश आणि अर्धवट भरला तर ओव्हन तयार हवा. भरलाच नाही तर उशीर झाला.

हवा तापायला लागली की लोक खूश होतात, ब्रेड लवकर होतो म्हणून. मी उलट करते. पाणी गार घेते आणि यीस्ट 3 ग्रॅमवरून 2 वर आणते, कधी त्याहूनही कमी. सावकाश फुगलेल्या ब्रेडला चव जास्त येते, हे एक कारण. दुसरं कारण, मला तो वेळ हवा असतो.

कणीक झाकली की मी पुस्तक घेऊन मागच्या दाराच्या पायरीवर बसते. पायरीपुढे खोलीएवढी बाग. चार गुलाब, एक वेल, थोडं गवत आणि कोपऱ्यात मुद्दाम न झाडलेला पालापाचोळा. या पायरीवर मी कादंबरी वाचत नाही. चांगली कादंबरी मान वर करू देत नाही आणि इथे सारखी मान वर करायची असते. मग मी समोर जे चाललेलं असतं त्याबद्दलच वाचते. पक्ष्यांवरची, किड्यांवरची, मातीवरची पुस्तकं. दोन पानं वाचायची, समोर बघायचं, पुन्हा एक पान. पुस्तक सावकाश संपतं. एखादं तर दोन वसंत पुरतं.

डार्विनचं गांडुळांवरचं पुस्तक असंच पुरवून वाचलं. ते 1881 मध्ये आलं, त्याच्या मृत्यूच्या सहा महिने आधी. ते त्याचं शेवटचं पुस्तक. गांडुळांविषयीचा पहिला निबंध मात्र त्यानं 1837 मध्येच वाचला होता. म्हणजे चव्वेचाळीस वर्षं हा माणूस गांडुळांचा विचार करत होता! त्यानं कुंड्यांमध्ये गांडुळं पाळली, त्यांच्यापुढे पियानो वाजवून घेतला, मुलाकडून बासून हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवून घेतलं. गांडुळं हलली नाहीत. मग कुंड्या थेट पियानोवर ठेवून सूर वाजवला, तर ती झटकन बिळात शिरली. त्यांना आवाज ऐकू येत नाही, थरथर कळते. इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी एका एकरातली दहा टनांहून जास्त माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाते, असा हिशेब त्यानं मांडला. हे वाचत होते तेव्हा माझ्या पायाशी, पायरीच्या फटीजवळ, ओल्या मातीच्या बारीक गोळ्यांची एक ढिगोळी होती. कितीतरी वेळा मी अशा ढिगोळ्या झाडून टाकल्या असतील. त्या दिवशी पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं आणि वाकून बघितलं. सुरळीसारखी वळलेली, एकावर एक रचलेली माती. तेव्हापासून त्या कोपऱ्यात झाडू फिरत नाही.

वाचनाबद्दल आणखी एक सांगायलाच हवं, मनाला लागून राहिलेलं.

काही वर्षांपूर्वी वसंतात गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, पडला होता. तो दरवर्षी पडतोच, कारण त्या दिवसांत माव्याच्या माद्या नराशिवायच पिल्लं देतात, तीही अंडी न घालता, थेट जिवंत. आठवड्याभरात शेंडा हिरव्या ठिपक्यांनी भरून जातो. त्या माव्यात मला काळे, लांबट, खरबरीत, सहा पायांचे किडे फिरताना दिसले. अंगावर नारिंगी ठिपके, चाल मगरीसारखी. दिसायला क्रूर. मला वाटलं, कोवळा पाला खाणारे हेच असणार. मी हातमोजे घातले आणि एकूण एक चिरडून टाकले. जवळजवळ वीस होते.

पुढच्या महिन्यात पायरीवर बसून पुस्तक चाळताना त्यांचं चित्र समोर आलं. त्या ढालकिड्याच्या अळ्या होत्या. लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा, मुलं बोटावर चढवतात तो गोड ढालकिडा. त्याचं बालपण असं दिसतं हे मला माहीतच नव्हतं. आणि माव्याचा खरा काळ तोच, एकेक अळी मोठी होईपर्यंत शेकड्यांनी मावा फस्त करते. माझ्या गुलाबावर आलेली अख्खी राखण मी स्वतःच्या हातानं मारली होती. त्या वर्षी मावा शेवटपर्यंत हटला नाही. त्या संध्याकाळी ब्रेड चांगला झाला होता, पण घास गोड लागला नाही.

तेव्हापासून माझा एक नियम आहे आणि तो मी सगळ्यांना आग्रहानं सांगते. वसंतात किडा दिसला की आधी त्याचं नाव शोधायचं. मारायचं की नाही ते नंतर. आणि औषधाची फवारणी तर या दिवसांत नकोच, कारण औषधाला मावा आणि ढालकिडा यांतला फरक कळत नाही. मावा पडला तर आठ-दहा दिवस धीर धरा. फारच झाला तर पाण्याची धार मारा, पुष्कळसा धुऊन जातो.

त्या धीराला अजून एक कारण आहे, चिमण्या. छपराखालच्या फटीत त्यांचं घरटं आहे. एरवी दाण्यांवर जगणारी चिमणी पिल्लांना मात्र किडे भरवते, कारण वाढत्या अंगाला प्रथिनं लागतात. अंडी साधारण दोन आठवडे उबवायची आणि पुढचे दोन आठवडे पिल्लांना भरवत राहायचं. नर-मादी दोघंही सारखी ये-जा करतात. मी एकदा एका पानात किती फेऱ्या होतात ते मोजायला बसले आणि पान वाचायचं राहूनच गेलं. माझ्या गुलाबावरचा मावा आणि हिरव्या अळ्या त्यांच्या चोचीतून वर जाताना स्पष्ट दिसतात. बाग किड्यांपासून पूर्ण साफ केली तर ती पिल्लं काय खातील?

आणि हो, ब्रेडचा चुरा मी त्यांना टाकत नाही. इतका ब्रेड करणाऱ्या बाईनं चिमण्यांना एक तुकडा टाकू नये याचं लोकांना नवल वाटतं. पण ब्रेडनं पोट भरतं, पोषण होत नाही, वर त्यात मीठ. या महिन्यात तर पिल्लाच्या पोटात ब्रेड गेला की तेवढी किड्यांची जागा अडली. उथळ ताटलीत पाणी ठेवते, ते रोज बदलते. बास.

अंड्यांचंही थोडक्यात सांगते, कारण वसंतातला माझा दुसरा पदार्थ म्हणजे लिंबाची साल किसून घातलेला स्पंज केक आणि त्याला अंडी भरपूर लागतात. कोंबडीचं अंडं देणं उजेडावर अवलंबून असतं. दिवस मोठा झाला की ती जास्त अंडी देते. खुराड्यात विजेचे दिवे येण्याआधी थंड मुलखात हिवाळ्यात अंडी मिळायची मारामार असे आणि वसंतात मात्र रेलचेल. तिकडचे वसंतातले कितीतरी जुने केक आणि गोड पाव अंड्यांनी श्रीमंत असतात, त्यामागे हेही आहे. स्पंज मात्र वाचू देत नाही. फेटलेल्या अंड्यातली हवा जायच्या आत तो ओव्हनमध्ये जावा लागतो. म्हणून तो मी संध्याकाळी करते, उजेड उतरल्यावर.

आता मागच्या वसंतातला एक दिवस सांगते. मला वाटतं, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यातच आहे.

सकाळी कणीक मळून झाकली आणि पायरीवर आले. गुलाबाच्या एका पानावर तीन-चार दिवसांपासून ढालकिड्याचा कोष चिकटलेला होता, नारिंगी, मुगाच्या दाण्याएवढा. त्या दिवशी त्याची पाठ फाटलेली दिसली. मी पुस्तक उघडलंच नाही, गुलाबापाशी जाऊन बसले. आतून जो बाहेर आला तो लाल नव्हता. फिक्कट पिवळा, लोण्याच्या रंगाचा, ओलसर, आणि पाठीवर एकही ठिपका नाही. कोषाच्या सालपटाला धरून तो तसाच थांबला. मग पाठीच्या ढालीखालून पातळ पंख लांब बाहेर काढले आणि वाळत ठेवले.

मी उठून कणीक बघून आले. अजून निम्मीच फुगली होती. परत आले तर पिवळ्यावर राखाडी सावल्या उमटल्या होत्या, आतून कुणी पेन्सिल टेकवावी तशा. तेवढ्यात शेजारच्या गुलाबावर पानं कापणारी एकांडी मधमाशी आली. पानाच्या कडेला बसून जबड्यानं कात्रीसारखी गोल फिरली, चकती सुटली तशी ती पोटाखाली वळवून धरली आणि निघून गेली. सगळं काही सेकंदांत. त्या चकत्यांनी ती अंड्यांच्या खोल्यांना अस्तर लावते. गुलाबाला त्यानं काही होत नाही, पानाला सुबक अर्धगोल उरतो तेवढाच.

कणीक फुगली. तिला आकार दिला, पुन्हा झाकलं, पुन्हा पायरी. ठिपके आता मोजता येत होते. सात. पाठ पिवळ्याकडून नारिंगीकडे झुकलेली. पूर्ण लाल व्हायला त्याला पुढे कितीतरी दिवस लागतात. ओव्हन 230 अंशांवर तापला, लोफ आत गेला, चाळीस मिनिटांनी सोनेरी होऊन बाहेर आला आणि जाळीवर ठेवल्यावर त्याचा पापुद्रा बारीक तडतडायला लागला. गरम ब्रेड कापायचा नसतो, आतला मऊ भाग बसायला तासभर तरी लागतो. तोही तास मी गुलाबापाशीच घालवला.

ढालकिडा पानाच्या टोकापर्यंत चालत गेला, थांबला, वळला आणि देठावरून खाली मावा असलेल्या फांदीकडे निघाला. मी आत जाऊन सुरी घेतली.