बंड्याची मारामारी आणि वरून बंद झालेली जखम

आमचा बोका बंड्या मारामारी करून घरी आला त्या रात्री मला खरं तर हायसं वाटलं होतं. बाहेर बोक्यांचं ते ओरडणं, अगदी लहान मूल रडतंय असं वाटणारं, मग धडपड, मग एकदम शांत, आणि पाचेक मिनिटांनी हा खिडकीतून आत. शेपटी तिप्पट फुगलेली, कानाच्या टोकाला रक्ताचा थेंब, पुढच्या पंजाच्या नखांत कुणाचे तरी पांढरे केस अडकलेले. मी त्याला उचलून उजेडात नेलं, पोट बघितलं, पाय बघितले, कान कोमट पाण्याच्या कापसाने पुसला आणि म्हटलं चला, थोडक्यात निभावलं. त्याने पाणी प्यायलं, थोडं खाल्लं, माझ्या पायाशी येऊन झोपला. मीही झोपले.

दुसऱ्या दिवशी तसा ठीकच होता. म्हणजे तेव्हा मला ठीक वाटला. आता मागे वळून बघितलं की एकेक गोष्ट आठवते, सकाळी फ्रीजचं दार उघडलं तेव्हा आला नाही, दुपारी खिडकीत उडी मारली नाही, आधी स्टुलावर चढला आणि तिथेच बसून राहिला, आणि संध्याकाळी पलंगाखाली भिंतीला चिकटून जो बसला तो बाहेरच येईना. आई म्हणाली, ''अगं दमलाय तो, झोपू दे त्याला.'' मलाही तेच पटलं, कारण जखम तर कुठे दिसत नव्हती ना.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला बाहेर काढायला हात घातला, हात पाठीच्या शेवटाकडे गेला आणि बंड्या असा गुरकावला की मी घाबरले. सहा वर्षांत तो माझ्यावर कधी गुरकावलेला नाही. शेपटीच्या मुळाशी डाव्या बाजूला मऊ फुगवटा आला होता, तिथली कातडी बाकी अंगापेक्षा चांगलीच गरम लागत होती. केस उलट्या दिशेने हळूच बाजूला केले तेव्हा दिसलं काय, तर दोन खपल्या. मोहरीएवढ्या. शेजारी शेजारी, मधे बोटभरही अंतर नाही. डोळ्यांनी बघून कधीच सापडल्या नसत्या, बोटाला वाळूचा कण लागावा तशा लागल्या. त्या रात्री उजेडात धरून एवढं बघितलं पण पाठीच्या दाट केसांतून बोट फिरवायचं काही मला सुचलं नाही, आणि हे सगळं लिहायला बसले ते खरं तर तेवढ्यासाठीच. तुमची मांजर भांडून आली तर रक्त शोधू नका, खपली शोधा, आणि बोटांनी शोधा.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. मांजरीचा सुळा बारीक आणि अणकुचीदार असतो, सुईसारखा खोल जातो आणि बाहेर येताना वर अगदी छोटं भोक ठेवतो. ते भोक बघता बघता मिटतं. पण सुळ्याबरोबर तोंडातले जंतू खोल आत पोचलेले असतात, पाश्चुरेला म्हणून एक असतो तो तर बहुतेक मांजरांच्या तोंडात असतोच, आणि वरून दार बंद झालं की आत त्यांना ऊब, रक्त, सगळं आयतं मिळतं. मग 2 ते 5 दिवसांत गळू तयार होतं. मांजरीची कातडी सैल असते म्हणून पू खालच्या खाली पसरत जातो आणि बरंच होईपर्यंत वरून फारसं काही दिसतही नाही. ओरखडे त्या मानाने बरे, ते उघडे असतात, दिसतात, धुता येतात. चावा हा वेगळाच प्रकार आहे.

अजून एक गोष्ट त्या म्हणाल्या ती माझ्या डोक्यातून जात नाही. समोरासमोर भिडलेल्या बोक्याला बहुतेक वेळा डोक्याला, मानेला, पुढच्या पायांना लागतं. शेपटीच्या मुळाशी चावा असेल तर तो पळत असताना बसलेला असतो. म्हणजे बंड्या तेव्हा मागे फिरला होता. घराकडेच पळत होता तो.

तर दवाखाना. ताप 104.2 निघाला, मांजरीचा नॉर्मल साधारण 100.5 ते 102.5 असतो. केस भादरले तेव्हा खालची कातडी जांभळट आणि मधे पातळ झालेली दिसली. गुंगीचं इंजेक्शन देऊन त्यांनी फुगवट्याच्या सगळ्यात खालच्या टोकाला छेद दिला, खालच्याच टोकाला का तर पू आपोआप वाहत राहावा म्हणून. आणि मग जे बाहेर आलं त्याचा वास... जाऊ दे. घट्ट, पिवळट, लालसर, एवढंसं जनावर आणि त्याच्या पाठीत एवढा पू होता यावर माझा विश्वास बसेना. मोठ्या सिरिंजने सलाईन आत सोडून सोडून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं. पोकळी मोठी होती म्हणून रबराची एक मऊ पट्टी, ड्रेन म्हणतात त्याला, आतून ओवून दोन्ही टोकं बाहेर ठेवली. टाके घालून बंद का नाही करत असं मी विचारलं, तर म्हणाल्या, ''बंद झाली होती म्हणूनच तर हे झालं ना. ही आतून भरत वर आली पाहिजे.''

पुढचे दहा दिवस मी हे एकच वाक्य धरून काढले.

घरी आल्यावर त्याला लहान खोलीत ठेवलं, जिथे चढायला उंच काही नाही. शी-शूच्या बॉक्समधल्या मातीचे कण ओल्या जखमेला चिकटतात म्हणून त्यात कागदाचे तुकडे टाकले. गळ्यात कॉलर, जखम चाटता येऊ नये म्हणून डोक्याभोवती लावतात ती शंकूसारखी. कॉलरचं मला फार वाईट वाटायचं, दाराच्या चौकटीला आपटायचा आणि तिथेच थबकून उभा राहायचा, पण काढायची नाही म्हणजे नाही. मांजर चाटून जखम साफ करते हा एक मोठा गैरसमज आहे, जिभेवर काटे असतात, त्याने नवीन आलेली कातडी खरवडून निघते, आणि ज्या तोंडातल्या जंतूंनी घोटाळा केला तसलेच जंतू परत आत जातात. शिवाय ड्रेन दातात धरून ओढून काढतील ते वेगळंच. जेवताना मात्र मी समोर बसून पाच मिनिटं कॉलर काढायचे, नजर न हलवता.

साफसफाई दिवसातून दोनदा. उकळून कोमट केलेलं अर्धा लिटर पाणी, त्यात एक सपाट टीस्पून मीठ, बस. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, गरम लागलं तर थांबायचं. गॉज, म्हणजे जखमेला लावायचं जाळीदार कापड, त्यात भिजवून, पिळून, जखमेवर पाच मिनिटं नुसता धरून ठेवायचा, पुसायचं नाही. पाच मिनिटांत खपली मऊ पडते आणि आतलं पाणी आपोआप गॉजमध्ये उतरतं, मग वरून खाली हलक्या हाताने टिपून घ्यायचं. पहिल्या दिवशी गॉज पिवळा आणि लाल, तिसऱ्या दिवशी फिकट गुलाबी, पाचव्या दिवशी जवळजवळ कोरडा. रोजचा गॉज मी आधी नाकाशी नेऊन वास घ्यायचे मग टाकायचे, कारण बिघडत असेल तर वास आधी सांगतो. चौथ्या दिवशी ड्रेन काढला. नंतर बाहेरची खपली लवकर धरायला लागली की परत शेक देऊन मऊ करायची, आत घट्ट गाठ किंवा पाणी नाही ना हे बोटाने बघायचं, हे डॉक्टरांनी मला स्वतःचं बोट ठेवून दाखवलं होतं.

काय लावायचं नाही ते इथे सांगतेच, कारण मला तीन जणांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या आणि तिन्ही चुकीच्या. पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होणारं घरातलं जंतुनाशक मांजरीला चालत नाही, त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं तिच्या लिव्हरला मोडता येत नाहीत आणि अंगाला लावलं तरी ती चाटून पोटात घेतेच. हायड्रोजन पेरॉक्साइड फेसाळतं म्हणून काम करतंय असं वाटतं, पण ते नवीन पेशीसुद्धा जाळतं. टी ट्री ऑइल तर नकोच. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे ''ताप आहे तर पॅरासिटामॉलची पाव गोळी दे''. मांजरीला पॅरासिटामॉल विष आहे. माणसांची एक गोळीसुद्धा तिचा जीव घेऊ शकते, रक्तातून ऑक्सिजन वाहून नेणंच बिघडतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं. आयबुप्रोफेनचंही तेच, किडनी जाते. हे सांगणारा माणूस प्रेमाने सांगत होता, त्याचं मन वाईट नव्हतं, पण मी त्या रात्री ऐकलं असतं तर. दुखणं कमी करायची मांजरीची औषधं वेगळी असतात, तिच्या वजनावर मोजून देतात, ती डॉक्टरांकडूनच.

गोळ्यांचं सांगते. अँटिबायोटिक दहा दिवस होतं. गोळी देता येत नसेल तर दोन आठवडे असर राहणारं एक इंजेक्शनही असतं, विचारून बघा. आम्ही गोळ्या घेतल्या. टॉवेलमध्ये मान सोडून घट्ट गुंडाळायचं, जबडा वरून धरून गोळी जिभेच्या मागे, आणि लगेच सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या बाजूने 5 मिली पाणी हळूहळू. हे पाणी चुकवायचं नाही, मांजरीच्या अन्ननलिकेत कोरडी गोळी अडकून बसते आणि काही औषधं, डॉक्सीसायक्लिन विशेषतः, तिथेच जखम करतात. पाचव्या दिवशी बंड्या उड्या मारायला लागला तरी कोर्स दहा दिवस पुरा केला.

दुसऱ्या दिवशी गोळी देताना त्याचा सुळा माझ्या अंगठ्यात गेला. छोटंसंच भोक, रक्तही नाही, आणि नेमकं तेच भोक बघून मला कळलं की आता काय करायचं. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुतलं आणि त्याच दिवशी स्वतःच्या डॉक्टरांकडे गेले. हाताला मांजर चावली तर वाट बघू नका, सांध्याजवळ असेल तर अजिबातच नाही. रेबीजचंही विचारा. बंड्याची लस वेळेवर होती तरी अनोळखी बोका चावला म्हणून त्याला लगेच बूस्टर दिला.

सगळ्यात कठीण गेलं ते न खाणं. आपण म्हणतो एक दिवस उपाशी राहिला तर काय बिघडतं, पण मांजरीचं तसं नाही, दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर अंगातली चरबी लिव्हरमध्ये साठायला लागते आणि मग लिव्हरचाच आजार होतो, त्यात जाड मांजरांना धोका जास्त. बंड्या जाडच आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून त्याने काही खाल्लं नव्हतं. उकडलेलं चिकन बारीक करून, कोमट करून, वास यावा म्हणून, मी दर दोन तासांनी समोर नेत होते आणि तो तोंड फिरवत होता. रात्री सव्वातीनला मी जमिनीवरच त्याच्या शेजारी पडले होते, बोटाला चिकनचं पाणी लावून त्याच्या ओठाजवळ धरलं, त्याने बराच वेळ नुसता वास घेतला. मग एकदा चाटलं. मग परत. नंतर बोटावरचं संपलं तरी चाटतच राहिला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी आईला उठवून सांगितलं.

घरातली दुसरी मांजर चिमी मात्र दोन-तीन दिवस त्याच्यावर फिसकारत होती. दवाखान्याचा वास लागलेला असतो, तिला तो बंड्या वाटतच नव्हता. त्यांना जवळ आणायची घाई नाही केली, त्याचा टॉवेल तिच्या जागी आणि तिचा त्याच्या जागी ठेवत गेले, आपोआप मिटलं.

काही बाबतीत सकाळची वाट बघायची नसते. डोळा मिटून ठेवलाय किंवा पाणी येतंय, तर बुबुळाला नख लागलेलं असू शकतं, घरातले जुने ड्रॉप घालू नका, स्टेरॉइडचे असतील तर डोळा जाऊ शकतो. छातीवर किंवा पोटावर चावा असेल, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील, तोंड उघडून श्वास चालला असेल, तर तसंच उठायचं आणि निघायचं. झोपेत असताना श्वास मोजायची सवय मला आता लागली आहे, मिनिटाला 30 च्या आत पाहिजे. बंड्याचे 22 असतात.

चाव्यातून मांजरांना एफआयव्ही, म्हणजे मांजरांमधला एचआयव्हीसारखा विषाणू, होतो, माणसांना होत नाही, पण मांजरीची प्रतिकारशक्ती हळूहळू कमी होते. लगेच टेस्ट केली तर नुकत्याच झालेल्या चाव्याचं त्यात कळत नाही, रक्तात दिसायला 60 दिवसांपर्यंत लागू शकतात. म्हणून त्याची टेस्ट पुढच्या महिन्याच्या शेवटी आहे. तोपर्यंत तो घरातच. नसबंदी मी गेले कित्येक महिने पुढे ढकलत होते, त्याला त्रास होईल म्हणून, आणि नसबंदी न केलेले बोकेच हद्दीसाठी आणि मादीसाठी सगळ्यात जास्त भांडतात. ती तारीखही घेतली आहे.

आज बाविसावा दिवस. भादरलेल्या जागी केस उगवतायत, मखमलीसारखे तोकडे. तो खिडकीच्या आत बसतो आणि बाहेर भिंतीवर पांढरा बोका येऊन बसतो, बंड्याच्या नखांतले त्या रात्रीचे केस याचेच. परवा मी नीट बघितलं तर त्याच्या उजव्या गालावर टिकलीएवढा केस नसलेला डाग आहे आणि त्याच्या मधे वाळलेली खपली. म्हणजे त्यालाही झालं होतं. कुठेतरी एकट्यानेच फुटलं असणार, वाहिलं असणार, आणि तो वाचला. मी रोज संध्याकाळी त्याच्यासाठी भिंतीखाली खाणं ठेवते, रोज वाटी थोडी जवळ सरकवते. डॉक्टर त्याचीही नसबंदी आणि लस करून द्यायला तयार आहेत, पकडायचा पिंजरा उद्या संध्याकाळी मिळणार आहे.