इतिहासाची पदवी आखताना

बारावीनंतर इतिहास हाच मुख्य विषय घ्यायचा, हे माझे पक्के होते. त्याच्या जोडीला काय घ्यावे, हे मात्र ठरत नव्हते. नव्या शैक्षणिक धोरणाची पदवी चार वर्षांची आहे. तीन वर्षांनी 120 क्रेडिटांवर बाहेर पडता येते, चौथे वर्ष केल्यास 160 होतात आणि संशोधनासह ऑनर्स हवे असेल, तर पहिल्या सहा सेमिस्टरांत 75 टक्के गुण लागतात. एवढे पत्रकातून कळले. मायनर म्हणून मी राज्यशास्त्र लिहिले, कारण त्याचे तास सकाळी होते आणि दुपारच्या बसने डिचोलीला घरी परतता आले असते.

अर्ज तपासताना इतिहासाच्या प्राध्यापकांनी एकच प्रश्न विचारला : "चौथ्या वर्षी प्रबंध लिहिशील, तेव्हा कोणते कागद वाचणार आहेस?" मला उत्तर देता आले नाही.

त्या रात्री आजोबांनी ट्रंकेतला घराण्याचा एक कागद काढून दिला. आडवी लांब रेघ, तिला लोंबकळणारी, कुठेही न तुटणारी मोडी अक्षरे, आणि घडीवर विरलेला कागद. "बाय, माझ्या आजोबांना हे वाचता यायचे. मला नाही," असे ते म्हणाले, ते माझ्या मनातून गेले नाही.

पुढच्या आठवड्यात मी पणजीच्या पुराभिलेखागारात जाऊन आले. 1595 साली पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कौतो यांच्याकडे सोपवलेल्या या दप्तराचा फार मोठा भाग पोर्तुगीज भाषेत आहे, आणि त्याच्या शेजारी मोडीतील कागदही आहेत. सत्तरी तालुक्यातल्या पिसुर्ल्याचे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर पोर्तुगीज आणि मराठे यांच्या संबंधांवर एवढ्या अधिकाराने लिहू शकले, ते दोन्हीकडचे कागद त्यांना वाचता येत होते म्हणून, हे तिथे बसल्यावर मला नीट उमगले.

मग आखणी मी उलट्या बाजूने केली. सातव्या सेमिस्टरला कागद समोर यायचे, तर सहाव्यापर्यंत ते वाचता आले पाहिजेत. मोडी ही आपल्याच भाषेची लिपी असल्यामुळे मराठी वाचणाऱ्याला ती घरी, सुट्टीत, सरावाने जमू शकते. पोर्तुगीज मात्र शिक्षकाशिवाय येत नाही, तिचे व्याकरण वर्गातच पक्के व्हावे लागते. म्हणून अर्जाची मुदत संपण्याआधी राज्यशास्त्र खोडून मायनरच्या जागी पोर्तुगीज लिहिले. तास दुपारचे असल्याने घरी पोहोचायला रोज दिवेलागण होते, आणि पहिल्या सेमिस्टरमध्ये क्रियापदांच्या रूपांनी मला अक्षरशः रडवले, तरीही हा निर्णय योग्यच होता असे माझे ठाम मत आहे. गोव्याच्या इतिहासात पुढे जाऊ इच्छिणाऱ्याने वेळापत्रकाआधी भाषेचा विचार करावा.

सध्या मी दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या मे महिन्यात, दीड महिन्याच्या सरावानंतर, आजोबांच्या कागदाची पहिली ओळ लागली : सन तिसा सबैन मया व अलफ. आकडे एकमापासून चढत जातात. नऊ, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली अरबी आकड्यांची कालगणना) 1179. त्यात 599 मिळवले की 1778-79 येते. डिचोली 1781 मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली, त्याआधीचा, सावंतवाडीच्या अमलातला तो कागद आहे. आजोबांना ते वर्ष मी दोनदा वाचून दाखवले. खालच्या ओळींत जमिनीच्या सीमा असाव्यात. त्यांतले "पूर्वेस" एवढेच अजून लागले आहे.