१९-१८ : एका जुन्या सामन्याची शीट भरताना

जिल्हा पातळीवरच्या बास्केटबॉल सामन्यांना मी स्कोअरर म्हणून टेबलावर बसते. यंदा नव्या मुलामुलींना शीट, म्हणजे सामन्याचं गुणपत्रक, भरायला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. सरावासाठी कमी गुणांचा सामना हवा होता, म्हणून मी मिनियापोलिसमधला २२ नोव्हेंबर १९५०चा सामना घेतला. लेकर्स विरुद्ध फोर्ट वेन पिस्टन्स. निकाल पिस्टन्स १९, लेकर्स १८. एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, इतिहासात इतके कमी गुण दुसऱ्या कुठल्याच सामन्यात झालेले नाहीत. तासाभरात उरकेल असं वाटलं होतं. चार संध्याकाळी गेल्या.

लेकर्सकडे जॉर्ज मायकन होता, सहा फूट दहा इंचांचा. त्याच्यासमोर सरळ खेळलो तर हरणार, हे पिस्टन्सचे प्रशिक्षक मरे मेंडनहॉल ओळखून होते. ठरावीक वेळात बास्केटवर फेक केलीच पाहिजे, असा नियम तेव्हा नव्हता. त्यांनी खेळाडूंना सांगितलं, चेंडू हातात धरून थांबा. प्रेक्षक ओरडत राहिले आणि हे थांबत राहिले.

सुरुवातीला मी बेरजा तपासल्या. टेबलावर बसणाऱ्याला ती सवयच असते. लेकर्सचे फील्ड गोल (चालू खेळात केलेली बास्केट, दोन गुणांची) ४, म्हणजे ८ गुण, आणि फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारी मोकळी फेक, एका गुणाची) १०. झाले १८. पिस्टन्सचेही फील्ड गोल ४ आणि फ्री थ्रो ११. झाले १९. म्हणजे बास्केट दोघांच्या सारख्याच, आणि सामना एका फ्री थ्रोने फिरला! मायकनचे ४ फील्ड गोल, ७ फ्री थ्रो, १५ गुण. लेकर्सचे चारही फील्ड गोल त्याचेच. बाकीच्या सगळ्या संघाचे मिळून ३ गुण, तेही फ्री थ्रोचे. लेकर्सने १८ वेळा बास्केटवर फेक केली, पिस्टन्सने १३ वेळा. ४८ मिनिटांत ३१ फेकी, म्हणजे साधारण दीड मिनिटाला एक. हा आकडा लिहिल्यावर मी थोडा वेळ पेन खालीच ठेवलं. आमच्या शाळकरी सामन्यांतसुद्धा दोन फेकींमध्ये इतका वेळ जात नाही.

मग माझ्या हातून एक चूक झाली. आकडे संगणकावर चढवताना मी नेहमीचा तक्ता उघडला आणि जिथे माहिती नव्हती तिथे ० टाकत गेले. तीन गुणांच्या फेकी ०. स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेला चेंडू) ०. ब्लॉक (अडवलेली फेक) ०. खेळलेली मिनिटं ०. तक्ता भरलेला दिसला आणि मला बरं वाटलं. तो मी आमच्या ज्येष्ठ सरांना दाखवला.

"अगं, मायकनने अख्ख्या सामन्यात एकही ब्लॉक केला नाही?"

"सर, कुठे नोंदच नाही."

"मग शून्य कशाला? शून्य म्हणजे कुणीतरी बघितलं, मोजलं, आणि एकही नव्हता. इथे तर कुणी मोजलंच नाही. रेघ मार."

त्या रात्री मी एकेक रकाना कधी सुरू झाला ते पाहून तक्ता पुन्हा केला. एनबीएमध्ये मिनिटांची नोंद १९५१-५२ पासून, स्टील आणि ब्लॉकची १९७३-७४ पासून. तीन गुणांची रेषा तर १९७९-८०मध्ये आली. ज्या सामन्यात ती रेषाच मैदानावर नव्हती, तिथे 'तीन गुणांच्या फेकी शून्य' लिहिणं म्हणजे खेळाडूंनी प्रयत्न केला नाही असं म्हणणं. मी रेघा मारल्या.

खरी कसोटी मात्र रनिंग स्कोअरची, म्हणजे वाढत जाणाऱ्या गुणांच्या रकान्याची, होती. आपल्या शीटवर प्रत्येक गुण क्रमाने नोंदतात: फील्ड गोलला तिरपी रेघ, फ्री थ्रोला भरीव ठिपका. सामन्याचे चार भाग, म्हणजे क्वार्टर, असतात; पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल शाई, दुसऱ्या आणि चौथ्याला निळी किंवा काळी. माझ्याकडे क्वार्टरचे आकडे होते, पण क्रम नव्हता. पिस्टन्स ८, ३, ५, ३. लेकर्स ७, ६, ४, १. यातून सामना उलगडेल का?

चौथा क्वार्टर उलगडला. लेकर्सचा तिथे एकच गुण. फील्ड गोलचे दोन होतात, म्हणून तो फ्री थ्रोच. याचा अर्थ मायकनचे चारही फील्ड गोल पहिल्या तीन क्वार्टरमध्ये संपले होते आणि शेवटच्या बारा मिनिटांत लेकर्सची एकही बास्केट झाली नाही. पिस्टन्सचे तीन गुण. शेवटच्या काही सेकंदांत लॅरी फाउस्टने केलेली बास्केट प्रसिद्ध आहे, तिचे दोन. उरलेला एक अर्थातच फ्री थ्रो. आणि फाउस्टची बास्केट शेवटची असल्याने ती झाली तेव्हा फळ्यावर १८-१७ असणारच. मी निळ्या पेनाने १७वर ठिपका आणि १९वर तिरपी रेघ मारली, तेव्हा हात खरंच थरथरला. सत्तर वर्षांहून जुन्या सामन्याचा शेवट मी नुसत्या बेरीज-वजाबाकीने शीटवर आणला होता.

पहिल्या तीन क्वार्टरना हा मार्ग लागू पडला नाही. लेकर्सच्या पहिल्या सात गुणांत विषम आकड्यामुळे निदान एक फ्री थ्रो असणार, एवढंच सांगता येतं. किती वेगवेगळ्या जुळण्या होतात ते मी मोजायला बसले आणि सोडून दिलं. अंदाजाने ठिपके भरणं स्कोअररला शोभत नाही.

वर्गात मी मुलांना आणखी एक गणित दिलं. सिरॅक्यूस संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी ४८ मिनिटांचे सेकंद काढले, २८८०. चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० फेकी करतात असं धरलं आणि भागाकार केला: २४. चेंडू हाती आल्यावर २४ सेकंदांत फेक केलीच पाहिजे, हा नियम १९५४मध्ये आला तो असा. आज आमच्या टेबलावर जे घड्याळ वाजतं, त्यातही हाच २४ आहे. १२०च्या शेजारी मी ३१ लिहिले, आणि एका मुलीने लगेच विचारलं, "ताई, मग त्या दिवशी घड्याळ किती सेकंदांचं हवं होतं?" तिने स्वतःच फळ्यावर भागाकार केला. ९३ च्या जवळ आला.

माझी शीट आता फाइलमध्ये आहे. चौथ्या क्वार्टरची ओळ निळी, बाकीच्या तीन क्वार्टरमध्ये फक्त शेवटचे आकडे गोल केलेले, आणि मधली जागा कोरी.