आखणीवाल्याची वारी

आमच्या पेणला ज्येष्ठात कारखाना सोडून कोणी कुठे जात नाही. गणपती अडीच महिन्यांवर आलेले, शाडूच्या मूर्ती फळ्यांवर वाळत पडलेल्या, आणि मी आखणीवाला. म्हणजे सगळा रंग झाला की शेवटी देवाचे डोळे काढायचे, ते माझं काम. वारीसाठी सुट्टी मागितली तेव्हा मालक आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

कारखान्यात मूर्तीला आम्ही नग म्हणतो. सोंड तुटली की नग बाद. तोच नग चतुर्थीला कुणाच्या तरी घरी पाटावर बसतो, गुरुजी दूर्वेने त्याच्या डोळ्यांना तूप लावून प्राणप्रतिष्ठा करतात, आणि मग त्याच्यापुढे माझेही हात जोडले जातात. उत्तरपूजा झाली, मूर्ती जागची हलवली, की पुन्हा माती. हे येणं-जाणं मला पाठ आहे. पंढरीचा देव मात्र आला तो गेलाच नाही. त्याचे डोळे कसे काढलेत ते एकदा जवळून बघायचं होतं. भक्ती होती म्हणा, पण निघालो ते यासाठी.

आणि आळंदीपासून पुढे सगळ्या वाटेवर मूर्ती म्हणून नाहीच! रथातल्या पालखीत माउलींच्या पादुका. नीरेला त्यांना स्नान घालतात तेव्हा काठावर ही गर्दी. मला टाचा उंचावून फक्त पताका दिसल्या. पुढे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. दुतर्फा दिंड्या, मधून दोन घोडे. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसऱ्यावर कोणी नाही. मी म्हटलं, "हा रिकामा का?" शेजारचे काका चिडलेच. "रिकामा कुठंय? माउली बसल्यात." घोडा पुढे गेला तशी माणसं वाकून टापांखालची माती कपाळाला लावायला लागली. मीही लावली. इथे डोळे काढायला काही नव्हतंच.

आमच्या दिंडीत साताऱ्याकडच्या एक आजी होत्या, एकोणिसावी वारी. वेळापूरच्या मुक्कामी पायांना तेल चोळता चोळता म्हणाल्या, "देवाचा पलंग काढलाय आता."

मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं. आषाढीला माणूस लोटतं, म्हणून देऊळ रात्रंदिवस उघडं. शेजारती नाही, झोप नाही. "चोवीस तास हुबा ऱ्हातो बाळा. पाठीला रग लागंल म्हणून मागं कापसाचा लोड देत्यात." सगळी यात्रा पांगली की प्रक्षाळपूजा. देवाला ऊन पाण्याने न्हाऊ घालायचं, शिणवटा जावा म्हणून काढ्याचा नैवेद्य दाखवायचा.

"तुमी मूर्त्या करता न्हवं? मग तुमच्या गणपतीची पाठ न्हाई व्हय दुखत?"

काय सांगणार? गिऱ्हाईक पाठ बघत नाही, म्हणून मागच्या बाजूला आम्ही रंगाचा एकच हात मारतो. ते काही मी बोललो नाही.

पंढरपुरात आजींनी नामदेव पायरीपाशी डोकं टेकलं, कळसाला हात जोडले. झाली त्यांची वारी. मी पदस्पर्शाच्या रांगेत उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी गाभाऱ्यात पोचलो. काळा पाषाण, कमरेवरचे हात, कानातली मकरकुंडलं, एवढं पुढच्या माणसाच्या खांद्यावरून टिपलं. आता डोळे, म्हणून मान वर करतोय तोच पाठीवर हात पडला आणि कपाळ थेट पायांवर. गार लागलं. आणि गुळगुळीत. कितीही पॉलिश पेपर घासला तरी हाताला असा गुळगुळीतपणा येत नाही. माणसांच्या स्पर्शाने हे पाय झिजतात, मूर्तीला आजवर अनेकदा वज्रलेप करावा लागला आहे. दगडाला तेवढाच माझाही घासा बसला. डोकं वर काढलं तोवर दाराकडे ढकललो गेलो होतो.

आजी बाहेर पिशवी सांभाळत बसल्या होत्या.

"दिसला का रं?"

"पाय दिसले."

"आन लोड? दिलाय का पाठीला?"

ते बघायचंच राहिलं होतं.